तीस चोपन्न

(दृश्य: महाडजवळचा सावित्रीवरचा पूल. मे महिन्यातली दुपार.)

इथे आज उभं राहिलं तर काही कळत नाही. रुंद पूल, भक्कम कठडे, खाली उन्हाळ्यात रोडावलेली सावित्री. मुंबई-गोवा महामार्गावरच्या गाड्या बघता बघता पलीकडे जातात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथे दगडी कमानींचा जुना पूल होता. १९२८ सालचा. वर महाबळेश्वरला पाऊस कोसळत होता आणि नदी दुथडी भरून वाहत होती. काळोखात पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी गाडी पुरात गेली. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या ते लक्षात आलं. त्याने धावत येऊन मागच्या गाड्या अडवल्या. तरीही चाळीसच्या आसपास माणसं गेली.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी या पुलाची पाहणी झाली होती. धोका नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

पुढे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. खर्च सुमारे ३५ कोटी. जून २०१७ मध्ये वाहतूक सुरू झाली. ज्यांनी तो बांधला त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण कोकणात जाता-येता या पुलावरून गाडी गेली की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. पूल पडल्यावर जे पैसे सहा महिन्यांत उभे राहतात, ते पूल उभा असताना का मिळत नाहीत?

(दृश्य: सरकारी कचेरी. लाल फितीत बांधलेल्या फायली.)

याचं उत्तर दोन आकड्यांत आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यात किंवा जिल्हा परिषदेत कुणालाही विचारा, हे आकडे तोंडपाठ असतात. तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्न. सरकारी जमाखर्चातली ही लेखाशीर्षं आहेत, दोन्ही रस्ते आणि पुलांचीच. ५०५४ म्हणजे भांडवली खर्च : नवा रस्ता, नवा पूल. ३०५४ म्हणजे महसुली खर्च, आणि देखभाल-दुरुस्ती त्यात येते.

पन्नास चोपन्नला भूमिपूजन असतं, कोनशिला असते, फीत असते. तीस चोपन्नला यातलं काही नाही. मोरीत अडकलेला पालापाचोळा काढला, पुलाची बेअरिंग बदलली, कमानीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट उपटलं, तर तिथे नारळ कोण फोडणार? तिजोरीत ओढाताण झाली की पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज थांबवता येत नाही. दुरुस्ती थांबवता येते. रस्ता तक्रार करत नाही, निदान त्या वर्षी तरी नाही.

जे पैसे येतात, तेही कसे येतात बघा. वर्षभर थोडे थोडे, आणि उरलेले मार्च महिन्यात. ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर ते परत जातात. म्हणून मार्चमध्ये घाई, एप्रिल-मेमध्ये कंत्राटदारांच्या थकलेल्या बिलांसाठी खेटे, आणि जूनमध्ये पाऊस. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ ला, रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार माणसं गेली. तिथे नव्या पुलासाठी पैसे आधीच मंजूर होते. मंजुरी आणि प्रत्यक्ष काम यांच्यातलं अंतर त्या चौघांना भोवलं.

एके काळी दर मैलाला माणूस होता. त्याला मैलकुली म्हणत. हातात फावडं, डोक्यावर इरलं. आपापला पट्टा त्याच्या अंगवळणी पडलेला असे. पाऊस सुरू झाला की कुठलं गटार तुंबतं, कुठल्या मोरीला दगड अडकतो, साइडपट्टीचा मुरूम कुठे वाहून जातो, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. खड्डा घमेल्याएवढा असतानाच तो बुजवला जाई. ही पदं रिकामी होत गेली. आता खड्डा आधी मोठा व्हावा लागतो, मग त्याचं अंदाजपत्रक होतं, मग निविदा, मग पॅचवर्क. डांबराला सगळ्यात जास्त भीती पाण्याची. पाण्याला वाट करून देणारा माणूसच आपण काढून टाकला, आणि ही बचत मला सगळ्यात महागाची वाटते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. कच्च्या रस्त्यावरची मोटार.)

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्नही नवा नाही. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचा अहवाल १९२८ साली आला, सावित्रीचा तो दगडी पूल झाला त्याच वर्षी. समितीचं म्हणणं कुणालाही पटेल असं होतं. मोटारींमुळे रस्त्यांची झीज वाढते आहे, तो भार स्थानिक संस्थांना पेलवत नाही, तेव्हा पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे बाजूला पडू लागले. केंद्रीय मार्ग निधीची सुरुवात ती.

'वेगळा ठेवा' या दोन शब्दांत सगळं आलं. नेमके तेच आपल्याकडून सांभाळले गेले नाहीत. २००० साली या निधीचा नवा कायदा झाला. २०१८ मध्ये त्याचं नाव आणि व्याप्ती बदलली, आणि रस्त्यांबरोबर इतर पायाभूत सुविधाही त्यात आल्या. आपल्या राज्याचंही तेच. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लागले. दुष्काळाला मदत हवीच होती. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचा महसूल बुडाला, तेव्हा पेट्रोलवर आणखी तीन रुपये आले. पंपावर पैसे देताना आपल्याला वाटतं, चला, निदान रस्ता तरी नीट होईल. त्या पैशांवर रस्त्याचं नाव लिहिलेलंच नसतं.

(दृश्य: टोलनाका, रात्र.)

मग टोल. मुंबईत माहीमचा कॉजवे १८४५ साली खुला झाला तो अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि अट घातली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीही लोकांचा टोलवर राग होता, हे यातून दिसतं.

टोल मुळात वाईट नाही. नवा घाटरस्ता किंवा खाडीपूल बांधला, त्याचा खर्च वापरणाऱ्यांनी फेडला आणि मग नाका उठला, तर कुणाची तक्रार नसेल. तक्रार होते ती नाका उठत नाही म्हणून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पंधरा वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क २००४ मध्ये ९१८ कोटी एकरकमी घेऊन देण्यात आला. ती मुदत संपली आणि २०२० मध्ये ८,२६२ कोटींना तो पुन्हा दिला गेला, २०३० पर्यंत. कोल्हापुरात शहराच्या आतल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं लोकांबरोबर रस्त्यावर उतरली. तो टोल गेला, पण रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे पैसे राज्याने तिजोरीतून चुकते केले. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर लहान गाड्यांना टोल माफ झाला. मलाही बरं वाटलं. पण कंत्राट संपलेलं नव्हतं, त्यामुळे भरपाई आली, आणि ती आपल्याच करांतून.

यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. रस्ता झिजवतं कोण? अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे : आसावरचं, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की झीज सुमारे सोळापट होते. म्हणजे आपल्या मोटारीमुळे रस्त्याला जवळजवळ काहीच होत नाही, भरलेल्या डंपरमुळे होतं. २०१८ मध्ये केंद्राने चार चाकांच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. त्याच ठोकताळ्याने मोजलं तर झीज दीडपटीच्या वर जाते. ट्रकवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपला कांदा आणि सिमेंट तोच आणतो. पण तो वाढलेला भार ३०५४ मध्ये कुठे धरला गेला?

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंधनावरच्या राज्याच्या करातला लिटरमागे ठरावीक वाटा कायद्याने दुरुस्तीसाठी बांधून टाकावा. तो ३१ मार्चला परत जाऊ नये. तो दुष्काळालाही वळवता येऊ नये आणि निवडणुकीलाही. वाटप आमदार कोण आहे हे बघून होऊ नये. किलोमीटर, वाहतूक आणि पाऊस बघून व्हावं, म्हणजे कोकणातल्या साकवालाही काही मिळेल. कर्ज काढायचंच तर मोठ्या नव्या पुलासाठी काढा, नातवंडंही त्यावरून जाणार आहेत. चार-पाच वर्षांत झिजणाऱ्या डांबराच्या थरासाठी वीस वर्षांचं कर्ज नको. आणि प्रत्येक पुलाची शेवटची पाहणी कधी झाली, कुणी केली, काय सापडलं, हे पुलाच्या तोंडाशी पाटीवर लिहा.

पैसे बांधून दिले की काम होतं, हे आपण पाहिलेलं आहे. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो. बाराव्या वित्त आयोगाने राज्यांना रस्ते आणि पुलांच्या देखभालीसाठी १५,००० कोटी दिले. अट अशी, की राज्यांनी स्वतःचा देखभालीचा खर्च कमी करायचा नाही. ही अट राज्याने स्वतःच स्वतःला का घालू नये?

विजेवरच्या गाड्या पेट्रोल भरत नाहीत, त्यांचं काय, हा प्रश्न आता येणारच. न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून डिझेलच्या गाड्या वजन आणि किलोमीटर यांनुसार रस्त्याचे पैसे भरतात, आणि २०२४ पासून विजेवरच्या गाड्याही. आपल्याला आज नाही तर दहा वर्षांनी त्याच वाटेने जावं लागेल.

(दृश्य: गावाकडचा रस्ता. एक छोटी मोरी.)

ही आमच्या गावच्या रस्त्यावरची मोरी. तोंडाशी प्लॅस्टिक, फांद्या आणि गेल्या वर्षीचा गाळ. दोन माणसं, एक दिवस, दोन फावडी, एवढंच काम आहे. अंदाजपत्रक गेलं आहे, असं कळतं.

मृग सात जूनला लागतो.