कार्डावरचा गवा आणि मुलांची शब्दसंपत्ती

श्रोतेहो, नमस्कार. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवताना ऑगमेंटेड रिॲलिटी या तंत्राची मदत कशी घेता येईल, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

या तंत्रात फोनचा कॅमेरा कार्डावरच्या छापील चित्रावर धरला की फोन ते चित्र ओळखतो, ते किती दूर आहे आणि कोणत्या बाजूला कलले आहे याचे गणित करतो आणि त्याच कोनातून दिसणारी त्रिमितीय आकृती पडद्यावर उभी करतो. कार्ड फिरवले की आकृतीही फिरते. हिरोकाझू काटो या जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये यासाठी एआरटूलकिट ही प्रणाली तयार केली, तेव्हा त्याला संगणक लागत असे. आता अनेक घरांतल्या फोनवर ते होते.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातला गवा आपल्या जिल्ह्याचे भूषण आहे, पण कोल्हापूर शहरातल्या किती मुलांनी तो जवळून पाहिला असेल? तक्त्यावर तो म्हशीएवढाच दिसतो. कार्डावर उभा राहिलेला गवा मात्र मूल वळसा घालून पाहू शकते. त्याच्या पाठीचा उंचवटा, आत वळलेली शिंगे, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, हे सारे त्याला आपणहून सापडते, आणि नेमक्या त्या क्षणी शेजारी बसलेल्या ताईंनी "हे बघ, याचे खूर" असे म्हटले तर तो शब्द पक्का बसतो. मूल ज्या वस्तूकडे पाहत असते तिचेच नाव त्याच वेळी कानावर पडणे, हा लहान वयातल्या शब्दशिक्षणाचा गाभा आहे. ते नाव उच्चारणारे माणूस जवळ हवे, कारण अगदी लहान मुले पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून अधिक शिकतात, असे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे.

बाजारात मिळणारी बहुतेक कार्डे प्राण्याचे नाव उच्चारून थांबतात, आणि मला हीच त्यांची मोठी उणीव वाटते. शब्दसंपत्ती नुसत्या नामांची नसते. गवा चरतो, हुंगतो, रवंथ करतो, कान टवकारतो. हालणाऱ्या आकृतीचा खरा उपयोग या क्रियापदांसाठी आहे, आणि ती मराठीत, आपल्या भागातल्या माणसाच्या आवाजात ऐकू आली पाहिजेत.

मात्र जी वस्तू हाताशी आहे तिच्यासाठी फोन काढूच नये. उसाचे कांडे सोलताना, भाकरीचे पीठ मळताना, पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना जे शब्द मिळतात, त्यांना स्पर्श आणि वास असतो. गुऱ्हाळावर मुलांना अवश्य न्यावे. तिथे चिपाडाचा ढीग, पाकाचा घमघमाट, गुळाची ढेप सारे अनुभवता येते. उकळत्या काहिलीपासून मात्र मुलांना लांबच ठेवावे लागते, म्हणून आत रस कसा फेसाळतो आणि घट्ट होतो ते दाखवायला हे तंत्र जरूर वापरावे. जे दूर आहे, धोक्याचे आहे किंवा डोळ्यांना दिसतच नाही, तेवढ्यासाठीच ते राखून ठेवावे.

वेळेचे भानही हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून पडद्यापुढे जाणारा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, आणि तो जितका कमी तितका चांगला. या खेळाला दहा मिनिटे पुरेत. फोन मोठ्यांनी धरावा, कार्ड मुलांच्या हाती द्यावे. चकचकीत प्लॅस्टिकच्या आवरणावर उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला चित्र ओळखू येत नाही, म्हणून कार्ड साध्या जाड कागदाचे असावे आणि खोलीत पुरेसा उजेड असावा.

दुसऱ्या दिवशी फोन बाजूला ठेवून नुसते कार्ड मुलांपुढे धरावे आणि काल गवा काय काय करत होता, ते त्यांना सांगू द्यावे. कुणी रवंथ करून दाखवेल, कुणाला खूर हा शब्द आठवणार नाही. जे शब्द आले नाहीत, तेवढेच त्या दिवशी पुन्हा घ्यावेत. नमस्कार.