पोळ्या कोण लाटतंय?

सकाळचे साडेपाच. ठाण्याच्या नौपाड्यातली एक गल्ली, आजूबाजूच्या बिल्डिंगमध्ये अजून सगळा अंधार आणि या एका अर्ध्या उघड्या शटरखालून तेवढा ट्यूबलाइटचा उजेड येतोय. आत सहा बायका. दोघी कणीक मळतायत, तिघी लाटतायत, एक भाजतेय, आणि कोणी कोणाशी बोलत नाहीये कारण सातच्या आत पहिल्या पोळ्या पॅक होऊन काउंटरवर गेल्या पाहिजेत. पोळी-भाजी केंद्र. ठाण्यात राहणाऱ्याला हे काय असतं ते सांगायची गरज नाही, दर दोन गल्ल्या सोडून एक आहेच.

खरं सांगू का, बायका-पुरुषांची कामं किती बदलली यावर हा व्हिडिओ करायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आधी मुलींचं शिक्षण, मग नोकरी, मग शेवटी लोकल चालवणारी बाई, मागे म्युझिक, संपलं. पण इथे कॅमेरा लावून उभा राहिलो आणि वाटलं की आपल्या घरातल्या पोळ्या कोण लाटतंय एवढंच जरी नीट बघितलं तरी खूप काही कळेल.

मागे जाऊया थोडं, इथून सहा-सात स्टेशनं पुढे, कल्याणला. १८६५ मध्ये तिथे एक मुलगी जन्मली, यमुना. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरीला. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. हीच मुलगी १८८६ मध्ये अमेरिकेत एमडी झाली, डॉक्टर आनंदीबाई जोशी. हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण त्यातली एक गोष्ट मला कायम खटकते. असं सांगतात की अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात दिसली की गोपाळराव चिडायचे, हातसुद्धा उगारायचे. त्या काळात स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका घरोघरी असतील, ही स्वयंपाक केला म्हणून. म्हणजे काम बदललं, पण कोणी काय करायचं हे ठरवणारा माणूस तोच राहिला.

आता जरा ठाणे स्टेशनच्या पूर्वेला या, चेंदणी कोळीवाडा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हा हा कोळीवाडा इथे होताच. आणि कोळ्यांच्या घरात बाई बाहेर कधी पडली वगैरे प्रश्नच नाही, ती बाहेरच होती. पुरुष होडी घेऊन खाडीत, आणि मासळी बाजारात न्यायची, भाव करायचा, उधारी वसूल करायची, पैसा कनवटीला लावायचा हे सगळं तिचं. नोकरी करणारी बाई ही काहीतरी नवीन गोष्ट आहे असं आपण जे धरून चालतो ना ते खरं म्हणजे नौपाड्यातल्या पांढरपेशा घरांपुरतंच होतं. पण बाजारातून घरी आल्यावर चूल कोण पेटवायचं? तीच. पैसा पण तिच्या हातात आणि चूल पण.

खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलं की अजून एक गंमत दिसते. आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते. बाई. ती धवले म्हणते, हळदीपासून एकेक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो, आणि अजून काही घरांत तिला मान आहे. लग्न लावणं हे पुरुषाचं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या गावठाणातल्या हळदीला जाऊन यावं, डीजे बंद झाल्यावर.

पण त्याच गावांमध्ये १९७० नंतर नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली. भाताची लावणी, मिठागरातलं ओझं, खाडीतली चिंबोरी-निवट्या, यात बायकांचे हात किती होते ते त्या पिढीतल्या कुठल्याही आजीला विचारा. सातबारावर नाव मात्र बहुतेक घरात बाप्याचं, त्यामुळे मोबदला कोणाच्या नावाने आला ते काय वेगळं सांगायचं. जमिनीबरोबर तिचं काम गेलं आणि तिची सही कुठेच लागली नाही. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, २००५ मध्ये देशभर तसा कायदा झाला. कागदावर. प्रत्यक्षात अजूनही बहिणींना नेऊन हक्कसोड करून घेतात आणि वर साडी देतात. ज्या बहिणीने सही केली नाही तिचं माहेर तुटतं, हे आम्हाला शूटिंगमध्ये दोन ठिकाणी ऐकायला मिळालं, दोघींनी कॅमेरा बंद करायला लावला आणि मग सांगितलं.

असो, लोकलकडे वळू. १९९२ मध्ये मध्य रेल्वेवर कल्याणसाठी लेडीज स्पेशल सुरू झाली. आमच्या आईची पिढी ही. संध्याकाळच्या गाडीत मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या, तिथेच हळदीकुंकू करणाऱ्या आणि तिथेच सासूबद्दल बोलून मोकळ्या होणाऱ्या बायका. लोक याचे फोटो कौतुकाने शेअर करतात. मला तो फोटो बघून आता वेगळंच वाटतं, ऑफिसचे आठ तास आणि घरचा स्वयंपाक यांच्यामध्ये जो तास होता त्यात पण भाजीच. दुसऱ्या गाड्यांच्या जेंट्स डब्यात त्याच वेळी पत्ते चालू असायचे, भजनं चालू असायची, माझे बाबा भजनात होते, आवाज चांगला होता त्यांचा. त्या डब्यात मटार सोलताना मी तरी कोणाला बघितलं नाही. सुरेखा यादव मोटरवूमन म्हणून २००० साली लेडीज स्पेशल घेऊन गेल्या तेव्हा किती कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं, देशातली पहिली रेल्वेचालक बाई ती. म्हणजे गाडी चालवायला बाई आली, पण मागच्या डब्यात भाजी निवडायला पुरुष काही आला नाही.

मग ही भाजी, या पोळ्या गेल्या कुठे? तर इथे, या शटरच्या आत. आणि स्टेशनबाहेर निवडलेली मेथी, सोललेला लसूण, खवलेलं खोबरं घेऊन बसणाऱ्या मावश्यांकडे. आणि मूल गेलं पाळणाघरात, ते चालवणारी पण एक काकूच. भांड्यांना दुसरी, केर-फरशीला तिसरी. हे मुंबईत आधीपासून होतंच, गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या ज्यांना हाताशी धरून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यात कमाई होती, स्वतःच्या नावाचं पासबुक होतं, त्याला मी कमी लेखत नाहीये. फक्त एवढंच की एका बाईच्या हातातलं लाटणं सुटलं ते दुसऱ्या बाईने उचललं. मध्ये सोफ्यावर जो बसला होता त्याला उठावं लागलं नाही.

आकडे बघायचे तर सरकारचा टाइम यूज सर्व्हे आहे. २०१९ मध्ये घरातल्या बिनपगारी कामात, म्हणजे स्वयंपाक, धुणंभांडी, झाडलोट वगैरेंत, ही कामं करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषाचे ९७. २०२४ मध्ये बाईचे झाले २८९. चला, दहा मिनिटं तर सुटली, मग ती पुरुषाकडे गेली असतील ना? नाही हो. पुरुषाचे झाले ८८. त्याचीही नऊ मिनिटं सुटली! मी हा आकडा तीन वेळा तपासला.

आता ऐरोली, रात्रीचे दहा. आयटी पार्कच्या गेटवर कॅबची रांग. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईची संमती असेल आणि सुरक्षेची, घरी सोडण्याची सोय असेल तर साडेनऊनंतरही तिला काम करता येतं. इथे रात्रपाळीला आलेल्या एकीशी बोललो. अडीच वर्षांचा मुलगा आहे, रात्री त्याच्याजवळ कोण? म्हणाली, अहो आई असतात. सासूला हल्ली असंच म्हणतात, अहो आई. नवऱ्याला मात्र ती अरे म्हणते. माझ्या आजीने आयुष्यात नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलं आणि लग्नात तांदळाच्या ताटात आजोबांनी अंगठीने जे नाव लिहिलं तेच पुढे साठ वर्षं वापरलं. तिचं मूळ नाव काय होतं ते आम्हाला ती गेल्यावर तिच्या भावाकडून कळलं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. आजीला हे बघायला मिळायला हवं होतं.

आणि नवरा काय करतो, हे पण विचारलं तिला. तर तो सकाळी मुलाला सोडतो, डायपर बदलतो, मॅगीच्या पलीकडचं जेवण पण बनवतो म्हणे. मग थांबली आणि म्हणाली, पण काय संपलंय, काय आणायचं, कामवाली ताई उद्या येणार नाही मग काय करायचं, हे सगळं माझ्याच डोक्यात. तो विचारतो, मदत करू का? मदत! तिचं ते मदत शब्दावर हसणं आम्ही एडिटमध्ये ठेवलंय.

परत नौपाडा. रात्रीचे साडेनऊ, शटर खाली येतंय. सकाळी तव्यावर होत्या त्या ताई आता गल्ला मोजून कळव्याची रिक्षा बघतायत. दिवसभरात किती पोळ्या झाल्या विचारलं तर म्हणाल्या, मोजत नाय ओ, मोजल्या तर हात दुखतात. मी म्हटलं, आता घरी जाऊन परत पोळ्या?

"घरी पोळ्या? छ्या! भात. कुकर पोरगा लावतो. तीन शिट्ट्या सांगितल्या तर पाच घेतो मेला, पण लावतो."