मुलांचा रक्तदाब, जनुके आणि हृदयाची भिंत

उच्च रक्तदाबाच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात हाताच्या क्ष-किरण चित्रात बोटांच्या मुळाशी असलेली तळहाताची हाडे नेहमीपेक्षा आखूड दिसतात. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या परिसरातील एका मोठ्या कुटुंबात असे हात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, आणि ज्यांची बोटे आखूड त्यांनाच उच्च रक्तदाब, अशी जोडी त्या घरात पक्की बसली होती. १९७३ साली बिल्गिनतुरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबाची नोंद केली. या आजारात रक्तदाब लहानपणीच वाढू लागतो, वयाबरोबर चढत जातो, आणि उपचार न मिळाल्यास बहुधा पन्नाशीच्या आतच पक्षाघाताने मृत्यू ओढवतो.

यामागचे जनुक सापडायला चार दशके लागली. १९९६ साली शोध बाराव्या गुणसूत्रापर्यंत पोहोचला आणि २०१५ साली बर्लिनच्या माक्स डेलब्रुक केंद्रातील संशोधकांनी पीडीई३ए या जनुकातील बदल निश्चित केला. हे जनुक जे विकर (एन्झाइम) तयार करते, ते पेशींतील एका संदेशवाहक रेणूचे विघटन करते. बदललेले विकर हे काम गरजेपेक्षा जोमाने करते. परिणामी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू वाढतात, आकसतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. हाडांच्या वाढीचे वेळापत्रकही त्याच बदलाने बिघडते.

मात्र या कुटुंबातील खरा विलक्षण भाग हृदयाचा आहे. तो समजण्यासाठी आधी इतर मुलांच्या हृदयाचे काय होते, ते पाहिले पाहिजे. रक्तदाब दीर्घकाळ चढा राहिला की सर्व शरीराला रक्त पुरवणाऱ्या डाव्या निलयाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला, प्रत्येक ठोक्याला अधिक जोर लावावा लागतो, आणि त्या जोराला तोंड देण्यासाठी त्याची भिंत जाड होत जाते. सुरुवातीला ही जाडी आधार देते; पुढे तीच भिंत ताठर बनते, दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नीट सैल पडत नाही आणि रक्त भरून घेण्यात कमी पडते. निरनिराळ्या पाहण्यांत उच्च रक्तदाबाच्या साधारण ३० ते ४० टक्के मुलांमध्ये ही जाडी आढळली आहे. मूल खेळत असते, शाळेत जात असते, त्याची काहीच तक्रार नसते, आणि टूडी इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयतपासणीच्या, पडद्यावर मात्र भिंत जाड झालेली दिसते. काळजी वाटायला हवी ती या शांततेची.

त्या तुर्की कुटुंबात मात्र दशकानुदशके प्रचंड रक्तदाब सोसूनही हृदये बऱ्याच अंशी सुस्थितीत राहिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हाच जनुकीय बदल घडवलेल्या उंदरांची हृदयेही सुरक्षित राहिल्याचे दिसले. म्हणजे रक्तदाबाचा आकडा आणि हृदयाची इजा यांचा हिशेब एकास एक नाही. जनुके दाब वाढवतात, आणि त्या दाबाखाली हृदय कसे वागेल यावरही त्यांचा प्रभाव असतो.

एकाच जनुकामुळे होणारे असे आजार दुर्मीळ आहेत, पण ते ओळखल्यास उपचाराची दिशाच बदलते. १९६३ साली अमेरिकेत ग्रँट लिडल यांनी वर्णन केलेल्या आजारात मूत्रपिंड अतिरिक्त सोडियम राखून ठेवते. तेथे ॲमिलोराइड हे औषध गुणकारी ठरते, तर एरवी उपयोगी पडणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध निष्प्रभ ठरते. लहान वयातला रक्तदाब, रक्तातील कमी पोटॅशियम आणि घरात कुणाला तरुणपणी झालेला पक्षाघात, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर जनुकीय कारणाचा विचार झालाच पाहिजे.

बहुतेक मुलांच्या बाबतीत मात्र असंख्य जनुकांचे बारीक परिणाम वजन, मीठ आणि जन्माच्या वेळच्या परिस्थितीशी मिसळलेले असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. जन्मतः कमी वजनाची आणि पुढे अधिक वाढलेली मुले हृदयरोगाच्या जोखमीत आघाडीवर असल्याचे त्यात दिसले. घराण्यातून मुलाकडे येते ते सगळेच जनुकांतून येत नाही.

म्हणून तीन वर्षांपुढील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा, त्याच्या दंडाला बसेल अशाच मापाच्या पट्ट्याने मोजला गेला पाहिजे. पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. तेरा वर्षांखालील मुलांत वय, लिंग आणि उंचीनुसार तक्ता पाहावा लागतो, त्यापुढे १३०/८० ही मर्यादा धरली जाते, आणि निदान तीन वेगवेगळ्या भेटींतील मोजणीनंतरच होते. मांडीतील नाडी क्षीण असेल, तर महाधमनी जन्मतः अरुंद आहे का, हे तपासले जाते. औषध सुरू करण्याच्या वेळी टूडी इको केला जातो; भिंत जाड आढळली, तर सहा ते बारा महिन्यांनी तो पुन्हा करतात, कारण दाब आटोक्यात आल्यावर मुलांमधील ही जाडी बहुधा कमी होऊ शकते.