हात मोबाईलकडे जातो तेव्हा

(दृश्य: अभ्यासिका, दुपारची वेळ.)

छत्रपती संभाजीनगरातली ही एक अभ्यासिका. टेबलांना तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, त्यावर चिकटवलेलं वेळापत्रक, पायाशी पाण्याची बाटली. बीड, जालना, हिंगोलीकडून आलेली मुलंमुली इथं महिन्याची फी भरून बसतात. खिडकीजवळच्या त्या मुलाकडे नीट बघा. पुस्तक उघडं आहे, शेजारी मोबाईल पालथा ठेवलाय. मोबाईल वाजला नाही, थरथरला नाही. तरी पान अर्धं होतं न होतं तोच हात तिकडे गेला. बोट वर सरकलं, तीन-चार रील्स गेल्या, मोबाईल पुन्हा पालथा. ओळ कुठं सोडली होती ते सापडेना, म्हणून परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून. थोड्या वेळानं हात परत गेला.

आता काय बघितलंस, असं विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही. हात कधी गेला, हे तर त्याच्या लक्षातही नाही. या माहितीपटात आम्हाला तोच क्षण समजून घ्यायचा आहे.

(दृश्य: वसतिगृहाचा व्हरांडा, संध्याकाळ.)

“मोबाईलनं पोरं वाया गेली.” मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर हे ऐकायला मिळतं. पण या मुलाचं घर बघा. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधले सगळे महिने आई फडातून कोपीवर आली, चूल पेटली, की फोन करते. “जेवलास का रं? काय करायलास?” तेवढं बोलणं होतं. तो फोन चुकला, तर त्या दिवशी आईशी बोलणं नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर, प्राध्यापकांच्या नोट्स मोबाईलवर, परीक्षेचं वेळापत्रक मोबाईलवर. लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून राहणाऱ्या मुलीचेही सराव पेपर मोबाईलवरच येतात. अशा मुलांना “मोबाईल बंद करून ठेव” हा सल्ला देणाऱ्यानं त्यांचा दिवस पाहिलेला नसतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 2022 मध्ये एक चांगली रीत सुरू केली. संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाईल, टीव्ही बंद. गावानं एकदिलानं ठरवलं म्हणून ते जमलं, त्याचं कौतुकच आहे. पण आमच्या वसतिगृहातल्या मुलाला आईचा फोन नेमका त्याच वेळेला येतो.

दोष एकट्या मुलांच्या माथी मारणं आम्हाला पटत नाही. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि मोजूनमापून वापरायचं इंटरनेट खेड्यापाड्यातल्या पोरांच्या हातात दिवसभर खेळू लागलं. त्याच्या 10 वर्षं आधी, 2006 मध्ये, एझा रास्किन या डिझायनरनं स्क्रीनवरचं पान कधी संपणारच नाही अशी रचना तयार केली होती. पुस्तकाचं पान संपतं, तिथं माणूस क्षणभर थांबतो. इथं तो थांबाच काढून टाकला. पुढं रास्किननं स्वतःच या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की, चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं ठेवलं तर कबुतर चोच मारणं सहजी सोडत नाही. दहा रील्स नीरस निघाल्या तरी अकरावी बघितली जाते, त्यामागं हेच आहे. वीस वर्षांच्या मुलाच्या मनोनिग्रहासमोर जगभरातल्या हुशार इंजिनिअरांची फौज उभी आहे. ही लढत बरोबरीची नाही, हे आधी मान्य करायला हवं.

आणि मोबाईल नुसता जवळ असण्याचाही भार असतो का? 2017 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांना बुद्धीच्या चाचण्या अधिक चांगल्या जमल्या, टेबलावर ठेवलेल्यांना कमी, मोबाईल वाजला नाही तरीही. नंतर इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत, म्हणून यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. पण अभ्यासिकेत बसणाऱ्यानं एक दुपार मोबाईल बॅगेत आणि बॅग दाराजवळ ठेवून बघायला काय हरकत आहे?

(दृश्य: विद्यापीठाच्या मागचा डोंगर, लेणीकडे जाणाऱ्या पायऱ्या.)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पाठीमागं हा डोंगर आहे आणि त्यात औरंगाबादची बौद्ध लेणी. यातली बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. हजारो विद्यार्थी डोंगराच्या पायथ्याशी शिकून जातात, पण वर येऊन निवांत बसणारे थोडे. तिसऱ्या लेणीच्या गाभाऱ्यात चला. बुद्धमूर्तीसमोर दोन्ही बाजूंना माणसाएवढे भक्त गुडघ्यावर बसलेत, दगडात कोरलेले. कुणाच्या डोक्यावर मुकुट, कुणाच्या गळ्यात हार, हात जोडलेले. प्रत्येकाचं तोंड एकाच दिशेला. कारागिरानं एकाग्रता इतकी बारकाईनं कोरली आहे की, आम्ही कॅमेरा इथं बराच वेळ ठेवला.

या डोंगरात राहिलेल्या भिक्खूंच्या परंपरेत मनाला वळण लावायची एक साधना आहे. आपला श्वास येतोय-जातोय, त्याच्याकडे लक्ष द्यायचं. आज जगभर माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, म्हणून जे शिकवलं जातं, त्याचं मूळ यातच आहे. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी, धर्माचा संदर्भ बाजूला ठेवून काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. तिथून ते दवाखान्यांत, शाळांत पोहोचलं.

करायचं काय, तर ताठ पण सैल बसायचं आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन पळणारच. गावाकडं पळेल, निकालाकडं पळेल, मोबाईलकडं तर हमखास. ते पळालं हे ध्यानात आलं की न चिडता परत आणायचं. औत हाकताना बैल तासाबाहेर गेला म्हणून कुणी औत सोडून देत नाही, कासरा ओढून त्याला पुन्हा तासावर घेतो. मन पळालं म्हणजे साधना फसली असं अनेकांना वाटतं आणि ते दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. खरं तर मन पळाल्याचं कळणं आणि त्याला परत आणणं, हाच सगळा सराव आहे.

मोबाईलच्या बाबतीत त्याचा उपयोग असा. हात निघाला की थांबायचं आणि बघायचं, आत काय चाललंय? छातीत हुरहूर? धडा अवघड आहे म्हणून कंटाळा? एकटं वाटतंय? व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट सांगत की, तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते, तिच्याशी झुंजायचं नाही, ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचं. बघून झाल्यावरही मोबाईल घ्यावासा वाटला तर घ्या. मग निदान तो तुम्ही घेतलेला असेल.

याची जादूची कांडी करू नये. मोबाईलचा अतिरेक आणि सजगता यांवरचे बरेच अभ्यास प्रश्नावलीवर बेतलेले आहेत. सजग माणसं मोबाईल कमी वापरतात, की मोबाईल कमी म्हणून मन थाऱ्यावर राहतं, हे त्यांतून नक्की सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये 8 हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. वर्गात माइंडफुलनेस शिकवूनही त्यांना इतर मुलांपेक्षा जास्त फायदा झाला नाही, असं 2022 मध्ये जाहीर झालं. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. म्हणजे सभागृहात एक दिवसाचं शिबिर, पाहुण्यांचा सत्कार आणि फोटो, एवढ्यानं काही होत नाही.

(दृश्य: पुन्हा वसतिगृह. मुलगा मोबाईलची सेटिंग दाखवतो.)

या मुलानं एवढंच केलं. आईच्या नंबरला मोठी रिंग, बाकी सगळं मुकं. रील्सचं अ‍ॅप पहिल्या स्क्रीनवरून हलवलं. रात्री मोबाईल उशाला न ठेवता दाराजवळच्या प्लगला. आणि पुस्तक उघडण्याआधी थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडे लक्ष. “काही दिवस जमतं, काही दिवस नाही जमत,” तो सांगतो. “पण आता हात गेला की कळतं. आधी कळतच नव्हतं.”

सगळ्यांचं एवढ्यावर भागणार नाही. ज्याची झोप उडाली आहे, जो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, त्याला “ध्यान कर” म्हणून वाटेला लावणं हा निष्काळजीपणा आहे. त्या मुलाचा मोबाईल हे बहुधा दुखण्याचं वरचं टोक असतं, खाली दुसरंच काही ठसठसत असतं. प्रत्येक कॉलेजात प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि तोही कागदावर नेमलेला नको, ठरल्या वेळेला खोलीत बसणारा हवा. मुलांनी, पालकांनी, प्राध्यापकांनी हे प्राचार्यांकडे मागायला हवं. तोवर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा आहे. नंबर 14416. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं.