खुर्चीचं भाडं
(पुण्यातल्या चहा-कॉफीच्या दुकानांवरील लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : सकाळचे सात. फर्ग्युसन रस्त्याचं डेक्कनकडचं टोक. शटर वर जातंय.]

या चौकाला पुणेकर गुडलक चौक म्हणतात. पाटीवर काय नाव आहे, ते सांगणारा माणूस शोधावा लागेल. चौकाचं नाव पडलंय ते कोपऱ्यावरच्या इराण्यावरून. कॅफे गुडलक, १९३५ पासून. समोरच्या बाजूला लकी होतं, तेही इराण्याचंच. लकी गेलं, गुडलक राहिलं.

इराणी म्हटलं की आपल्याला पारशी आठवतात. गुडलक मात्र मुस्लिम इराण्यांचं. इराणातून पारशांच्याच धर्माचे झरतुष्ट्री आले तसे शिया मुस्लिमही आले, मुंबईत स्थिरावले, तिथून पुण्याला आले, आणि दोघांनीही चहा-बेकरीचाच धंदा धरला. बन-मस्का, ऑम्लेट-पाव, खिमा. टेबल रिकामं नसेल तर अनोळखी माणसासमोर जाऊन बसायचं; त्यात ना त्याला काही वाटत, ना तुम्हाला. खाऊन झालं की उठायचं. नाही उठलात तरी हाकलत कुणी नाही. फक्त वेटर येऊन तुमच्यासमोरचं टेबल पुसायला लागतो. एकदा पुसून झालेलं टेबल तो पुन्हा पुसतो.

तेवढं पुरतं.

[दृश्य : त्याच रस्त्यावर पुढे. काचेची दारं, आत लॅपटॉप उघडून बसलेली मुलं.]

या रस्त्यावर पुढे गेलं की काचेची दारं सुरू होतात. इथे टेबल कुणी पुसायला येत नाही. एक कप घ्या आणि दुपार काढा.

कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर उघडलं. काही वर्षांत ते पुण्यात, कॉलेजांच्या आजूबाजूला पोहोचलं. या दुकानांनी पुण्याला कॉफीची ओळख करून दिली, असं कुणी म्हणालं तर ते पुण्याबाहेरचं समजावं. जायफळ घातलेली, भरपूर दुधाची कॉफी इथल्या घरांत आधीपासून होती. फिल्टर कॉफी उडप्यांनी आणली. जगन्नाथ शेट्टी १९४९ मध्ये कर्नाटकातून पुण्यात आले. त्यांनी याच फर्ग्युसन रस्त्यावर चालवलेलं मद्रास हेल्थ होम पुढे ‘वैशाली’ झालं. तिथली कॉफी पिऊन किती पिढ्या पास झाल्या आणि किती नापास, याचा हिशेब कॉलेजकडेही नसेल.

तर कॉफी होती. नव्हती ती खुर्ची.

पुणं हे बाहेरगावच्या मुलांचं शहर. हॉस्टेलची खोली तिघांची, पेइंग गेस्ट म्हणून राहावं तर घरमालकीणबाईंचे नियम. मैत्रिणीशी बोलायचं कुठे? वैशालीत तर दारात लोक नंबर लावून उभे असतात, तुमच्या प्लेटमधला शेवटचा घास कधी संपतो त्याकडे डोळे लावून. अशा वेळी दोघांत एक कोल्ड कॉफी, दोन स्ट्रॉ आणि तीन तास वातानुकूलित सोफा, हा सौदा वाईट नव्हता. त्या तीन तासांचे पैसे मुलांनी दिले. कॉफीचे दिले असं त्यांना वाटलं असेल.

[दृश्य : रिकामा गाळा. ‘भाड्याने देणे आहे’ असा फलक.]

आता जरा हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते आहेत. रहदारीच्या रस्त्यावर गाळ्याचं भाडं महिन्याला दोन लाख धरा. आत तीस खुर्च्या मावतात. म्हणजे एका खुर्चीचं दिवसाचं भाडं साधारण सव्वादोनशे रुपये. तीनशे रुपयांची कॅपुचिनो घेऊन कुणी तीन तास बसलं, तर दिवसाचं भाडं कसंबसं निघालं. दूध, वीज, कॉफी बनवणाऱ्याचा पगार आणि कप धुणाऱ्याची मजुरी पुढच्या गिऱ्हाइकावर. पंधरा रुपयांचा चहा विकत असाल, तर त्याच खुर्चीवर पंधरा माणसं बसून उठायला हवीत, आणि तेही फक्त भाड्यासाठी. इराण्याचा वेटर टेबल का पुसतो, ते इथे कळतं.

पण दोन लाख भाडं इराण्याने कधी भरलंच नाही. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा पुण्यालाही लागू होता. भाडी जवळपास त्या काळातच गोठली. जुन्या वाड्यातला, जुन्या चाळीतला चहावाला शेकड्यांत भाडं देत राहिला आणि म्हणून स्वस्त चहा विकत राहिला. मालक अर्थातच कपाळाला हात लावून बसला. दुरुस्तीला त्याने पैसा घातला नाही, आणि कोणत्या तोंडाने घालायला सांगणार? नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवायची मुभा आली, आणि एक कलम असं आलं की बहुराष्ट्रीय कंपन्यांना आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांना हे संरक्षण मिळणार नाही. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन दुकानं, दोन वेगळ्या काळांतलं भाडं भरणारी. साखळी दुकानांनी स्थानिकांना चिरडलं, असं सरसकट म्हणताना हे कलम कुणाच्या लक्षात नसतं. कायद्याने इथे लहानाचीच बाजू घेतली होती.

अडचण झाली ती मधल्यांची. जुनी भाडेकरारी जागा नाही आणि मागे मोठं भांडवलही नाही, अशांची. एखादी मुलगी नोकरी सोडून कोथरूडला किंवा बाणेरला छोटं कॅफे काढते. बिया चिकमगळूरहून मागवते, भिंतीवर पुस्तकं लावते. तिला भाडं आजचं. लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता करार, त्यात ठरावीक काळाने भाडेवाढ. पहिल्या वर्षी मित्रमंडळी येतात. दुसऱ्या वर्षी ज्यांना कॉफी आवडली ते येतात. भाडेवाढीची तारीख आली की तिच्याकडे दोनच वाटा उरतात : कॉफी महाग करायची, नाहीतर खुर्च्या कमी करायच्या. खुर्च्या कमी केल्या तर लोक तिथे कशासाठी येतील?

मोठ्यांनाही हे गणित सुटलेलं नाही, हे सांगायला हवं. कॅफे कॉफी डेचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा जुलै २०१९ मध्ये मृत्यू झाला. कंपनीवर हजारो कोटींचं कर्ज होतं. तेव्हा देशभरात सतराशेच्या आसपास दुकानं होती. पुढच्या काही वर्षांत ती पाचशेच्या खाली आली. स्टारबक्स २०१२ मध्ये टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत मुंबईत आली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात, कोरेगाव पार्कला. २०२४-२५ मध्येही या भागीदारीला शंभर कोटींहून जास्त तोटा झाला. बारा वर्षं! कोथरूडच्या मुलीला बारा महिने तोटा झाला असता, तर घरच्यांनी सोनं सोडवून आणायला लावलं असतं.

[दृश्य : कोरेगाव पार्क, नॉर्थ मेन रोड.]

त्याच कोरेगाव पार्कात जर्मन बेकरी आहे. ओशो आश्रमात येणारे परदेशी, त्यांच्यामागून आलेली कॉलेजची मुलं, लाकडी बाकं, ब्राउन ब्रेड. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी इथे बॉम्बस्फोट झाला, सतरा जण गेले. २०१३ मध्ये बेकरी पुन्हा उघडली. स्टारबक्स याच भागात आली तेही त्याच वर्षी. बेकरीच्या दारात लोक पुन्हा आले. आणि आज त्याच नावाची दुकानं शहरात इतरत्रही दिसतात. म्हणजे ज्याला आपण ‘आपलं, स्थानिक’ म्हणतो, त्यालाही एकाचे चार व्हावंसं वाटतं. यात गैर काय? वाटू नये असं म्हणणारे बहुधा गिऱ्हाईक असतात, मालक नव्हे.

[दृश्य : पेठेतलं जुनं अमृततुल्य. पितळी भांडं, वाफ, खलबत्त्याचा आवाज.]

खरी साखळी मात्र कॉफीची नाही, चहाची झाली.

पुण्याच्या पेठांमध्ये अमृततुल्य चहाची दुकानं शंभर वर्षांपासून आहेत. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ती बसवली. नावं देवादिकांची. दारातच ओटा, ओट्यावर शेगडी, शेगडीवर घासून लखलखीत केलेलं पितळी पातेलं. मालक तिथेच मांडी घालून बसतो. वेलदोडा आणि सुंठ खलबत्त्यात कुटतो, ओगराळ्याने चहा वर-खाली करतो, फडक्यातून गाळतो. चव दुकानागणिक वेगळी, कारण कुटणारा हात वेगळा. आत दोन बाकडी असली तर असली. बहुतेक जण उभ्यानेच पिऊन जातात.

२०१७-१८ च्या सुमाराला याच ‘अमृततुल्य’ नावाची फ्रँचायझी निघाली. येवले हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. मागोमाग कितीतरी आले, आणि बघता बघता प्रत्येक सिग्नलला एक अमृततुल्य झालं. पुण्याचं सोडा, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही झालं. यात बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी : नाव वापरायचे पैसे आधी भरायचे, चहापत्ती आणि मसाला मुख्य कंपनीकडूनच घ्यायचा, दूध-साखरेचं माप ठरलेलं. खलबत्ता गेला. पाव चमचा इकडे-तिकडे करायची सोय गेली. चव वाईट नाही. इंदापूरला आणि हडपसरला सारखी आहे, एवढंच. मला विचाराल तर सारखेपणाचा कंटाळा पहिल्याच घोटाला येतो, पण भर पावसात हायवेवर थांबलेल्या ट्रकचालकाला तो येत नाही, आणि दिवसभरात त्याच्यासारखे पुष्कळ जण थांबतात.

हे दुकान चाललं कारण त्यात खुर्चीच नाही. शे-दीडशे चौरस फुटांचा गाळा, पुढे काउंटर, बाहेर फूटपाथ. बसायची जागा गिऱ्हाइकाने स्वतःची आणायची, म्हणजे दुचाकीची सीट. सव्वादोनशे रुपयांचं गणित त्यांनी उत्तर न देताच सोडवलं. कॅफे कॉफी डेसारखी सोफ्याची साखळी दुकानं बंद करत होती तेव्हा बिनखुर्चीची ही साखळी वाढत होती. या लाटेतलीही अनेक दुकानं पुढे बंद पडली, कारण एका चौकात तीन झाली की तिघांनाही दूध परवडत नाही.

[दृश्य : पेठेत पाडकाम चाललेला वाडा. पत्र्याचं कुंपण, वर बिल्डरचा फलक.]

सध्या पेठांमधले जुने वाडे पुनर्विकासाला जातायत. तळमजल्यावरच्या जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत ठरलेल्या क्षेत्रफळाची जागा द्यावी लागते. बाकीचे गाळे बिल्डर बाजारभावाने विकतो किंवा भाड्याने देतो. त्यामुळे एकाच नव्याकोऱ्या इमारतीत, दोन गाळे सोडून, पितळी पातेल्याचं अमृततुल्य आणि फ्रँचायझीचं अमृततुल्य असं शेजार होऊ शकतं. चहाचा दर दोन-पाच रुपयांनी मागे-पुढे. एकाला भाडं नाही, दुसऱ्याला आजच्या दराने. पहिल्याची अडचण वेगळी आहे : बांधकामाची दोन-तीन वर्षं तो चहा कुठे विकणार, आणि तेवढ्यात त्याच्या मुलाला नोकरी लागली, तर त्या गाळ्यात परत येऊन पहाटे पाचला शेगडी कोण पेटवणार. फ्रँचायझीवाल्याला हा प्रश्न पडत नाही. तो गाळा त्या मुलाकडूनच भाड्याने घेईल.