कूलरच्या टाकीतली केमिस्ट्री

(दृश्य: मे महिना, दुपारचे दोन. धरमपेठेतली एक गल्ली, खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर.)

नागपूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागते, आपल्याला नाही. पारा 45 च्या वर गेला की दुपारी रस्ते रिकामे आणि घराघरातून एकच आवाज, कूलरचा. आज आपण या कूलरकडे पाहणार आहोत, पण कितीचा घ्यावा, कुठून घ्यावा म्हणून नाही, केमिस्ट्री म्हणून. कारण पदार्थ, रेणू, मिश्रण, संयुग, रासायनिक अभिक्रिया, जे काही आपण शाळेत पाठ केलं आणि पेपर झाल्यावर विसरलो, ते सगळं या एका पत्र्याच्या डब्यात चालू असते आणि तिथे ते डोळ्यांनी पाहता येते.

आधी पाणी घेऊ. खाली टाकी, टाकीत छोटा पंप, पंप पाणी वर चढवून ताटीवर सोडून राहिला, ताटीतलं गवत नाहीतर खस ओली होते आणि पंखा बाहेरची गरम कोरडी हवा त्या ओल्या ताटीतून ओढून खोलीत फेकतो. हवा आत येते ती थंड. आता ही थंडी आली कुठून, कोणी बर्फ टाकला नाही, कूलरमध्ये एसीसारखा गॅसही नसतो.

तर पाण्याचे रेणू सगळे सारख्या वेगाने पळत नाहीत. काही हळू, काही मध्यम, काही एकदम सुसाट. जे सुसाट असतात ते शेजारच्या रेणूंची पकड सोडून हवेत निघून जातात, आणि जोरातले निघून गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा कमी होते, आणि तापमान म्हणजे रेणूंच्या या पळापळीचंच माप, म्हणून उरलेलं पाणी थंड पडते, त्याला लागून जाणारी हवाही थंड पडते. 1 लिटर पाण्याची अशी वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती त्या गरम हवेतूनच घेतल्या जाते. बरेच जण समजतात की वाफ व्हायला पाणी उकळावंच लागते, 100 डिग्री पाहिजेच. तसं नाही. उकळणं वेगळं, बाष्पीभवन वेगळं, ते कोणत्याही तापमानाला होते, दोरीवरचे कपडे थंडीतही वाळतातच ना.

मग पाऊस लागला की हाच कूलर निकामी काहून होते? कूलर बिघडलेला नसते. जुलैत हवेतच पाण्याचे रेणू इतके भरलेले असतात की ताटीवरून जेवढे उडतात त्यातले बरेचसे हवेतून परत ताटीवर येऊन बसतात, येणं आणि जाणं जवळपास बरोबरीत आलं की थंडावा संपला, उरते ती नुसती चिकचिक. हे दोन्हीकडून सारखं चालू असलेलं येणंजाणं पुढे समतोल नावाच्या अख्ख्या धड्यात भेटते, आणि माझं मत असं की तो धडा नागपूरच्या पोरांना जुलैतल्या कूलरवरूनच शिकवला पाहिजे, त्यांनी तो अंगावर भोगलेला असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ताटीवरून पाणी उडालं, पण जे उडालं ते काय? पाणीच. टाकीत होतं तेव्हा प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे 2 अणू आणि ऑक्सिजनचा 1, हवेत गेलं तेव्हाही तेवढेच. रेणू एकमेकांपासून लांब गेले, रेणू तुटला नाही. याला म्हणतात भौतिक बदल.

पाणी खरंच तोडायचं असेल, म्हणजे त्यातला हायड्रोजन वेगळा आणि ऑक्सिजन वेगळा करायचा असेल, तर तेही जमते, पाण्यात थोडं अॅसिड टाकून वीज सोडा, एका तारेवर एक वायू जमतो, दुसऱ्यावर दुसरा. पण त्याला 1 लिटरमागे जवळपास 16000 किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी, तेच लिटर, आणि साडेसहा पटीहून जास्त खर्च. रेणूंना एकमेकांपासून दूर करणं तुलनेने स्वस्त असते, रेणूच्या आत हात घालणं महाग. भौतिक आणि रासायनिक बदलातला फरक मला या दोन आकड्यांत जितका लख्ख दिसतो तितका कुठल्याच व्याख्येत दिसत नाही.

आणि तोडून जे मिळते त्याचं वजन केलं तर दर 18 ग्रॅम पाण्यातून 2 ग्रॅम हायड्रोजन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे 1 ला 8. पाणी पेंचचं असो, कन्हानचं असो, अंबाझरीतलं असो की बोअरचं, शुद्ध करून घेतलं तर प्रमाण हेच, 1 ला 7 नाही आणि 1 ला 9 नाही. संयुगाचं हे लक्षण आहे. मिश्रण तुम्ही कसंही करा, चहात साखर एक चमचा टाका नाहीतर चार, तो चहाच राहते. संयुगात अशी मर्जी चालत नाही.

(दृश्य: कूलरची जाळी जवळून. पांढरा, खडबडीत थर.)

टाकीतलं पाणी मात्र संयुग नाही, ते मिश्रण आहे, आणि त्याचा पुरावा हा. सीझन संपता संपता जाळीवर, पाइपवर, ताटीच्या कडेला हा पांढरा थर बसतो, बोअरचं पाणी वापरणाऱ्यांकडे तर पापुद्रेच निघतात. पाणी उडून गेलं, पाण्यात विरघळलेलं जे होतं ते मागे राहिलं. पण फक्त एवढंच घडलं असं नाही, इथे एक खरी अभिक्रियासुद्धा झालेली आहे.

पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जाते, त्याने ते हलकंसं आम्ल होते. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण या आम्ल पाण्यात त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होते आणि ते विरघळून बोअरमध्ये येते. पुढे आपण ते पाणी कूलरच्या ताटीवर पातळ धारेने सोडतो, वारा लावतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पाणीही उडते, आणि बायकार्बोनेटचं परत कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते जाळीवर घट्ट बसते. म्हणजे जमिनीखाली एक अभिक्रिया झाली आणि खिडकीत तीच उलटी झाली.

हे सांगण्यामागे माझं एक भांडण आहे. आपल्या डोक्यात बसवलेलं असते की उलटा फिरत नाही तो रासायनिक बदल आणि उलटा फिरतो तो भौतिक. ही कसोटी खरंच सोडून द्या. काच फुटली ती उलटी फिरत नाही, पण काच काचच राहिली, भौतिक बदल. आणि घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी पहा, लाइट गेली की तिच्यातलं शिसं, लेड डायऑक्साइड आणि सल्फ्युरिक अॅसिड यांची अभिक्रिया होऊन वीज मिळते आणि लाइट आली की चार्जिंगमध्ये तीच अभिक्रिया उलटी होते, हे वर्षानुवर्षं चालते आणि प्रत्येक वेळी तो पक्का रासायनिक बदल असते. विचारायचा प्रश्न एकच, आधी होता तो पदार्थ राहिला की दुसरा झाला. बुडबुडे, रंग, वास, गरमी या खुणा आहेत, पुरावा नाही. बुडबुडे उकळत्या पाण्यातही येतात.

बरं, हा थर काढायचा असेल तर व्हाइट व्हिनेगर ओता आणि अर्धा तास ठेवा, फसफस होते. इथले बुडबुडे मात्र खऱ्या अभिक्रियेचे आहेत, अॅसिटिक अॅसिडने कार्बोनेट फोडलं, कार्बन डायऑक्साइड सुटला, आणि कॅल्शियम अॅसिटेट तयार झालं जे पाण्यात सहज विरघळून निघून जाते. लिंबानेही होते, पण सायट्रिक अॅसिडचं कॅल्शियम सायट्रेट होते आणि ते पाण्यात फार कमी विरघळते, म्हणून जाड थराला व्हिनेगर बरं. 100 ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट असं पूर्ण फोडलं तर 44 ग्रॅम वायू हवेत जातो. भांडं उघडं असेल तर काट्यावर वजन घटलेलं दिसते आणि वाटते की माल गायब झाला. गायब काहीच होत नाही.

(दृश्य: टाकीचा तळ. डांबराचा लेप, एका कोपऱ्यात गंज.)

वजनाचं आलंच तर गंजाबद्दल नीट बोलू, कारण गंजाबद्दल आपला अंदाज अगदी उलटा असतो. पत्रा खाल्ला गेला असं आपण म्हणतो, म्हणजे काहीतरी कमी झालं. प्रत्यक्षात लोखंडाने हवेतला ऑक्सिजन घेतलेला असते, सोबत पाणीही. नुसता ऑक्सिजन धरला तरी 112 ग्रॅम लोखंडाला 48 ग्रॅम लागतो आणि 160 ग्रॅम आयर्न ऑक्साइड होते. गंज झडून खाली पडला नाही तर गंजलेला पत्रा आधीपेक्षा जड भरतो.

धातू भाजला की जड होते हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं, पण काहून होते यावर युरोपात जवळपास शंभर वर्षं घोळ चालला. जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडते असं तेव्हा मानायचे. मग जर बाहेर पडते तर वजन वाढते कसं? फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिए यांनी 1774 मध्ये कथील काचेच्या बंद भांड्यात तापवलं, तापवायच्या आधी वजन, नंतर वजन, दोन्ही सारखे. भांडं उघडल्यावर बाहेरची हवा सूं करून आत शिरली आणि तेव्हा कुठे वजन वाढलं. म्हणजे कथिलाने आतल्या हवेतलाच काही भाग धरून ठेवला होता. भांडं बंद ठेवायचं आणि वायूंचाही हिशोब धरायचा, एवढ्या एका शिस्तीने रसायनशास्त्र उभं राहिलं. 8 मे 1794 ला पॅरिसमध्ये क्रांतीच्या धामधुमीत त्यांना गिलोटीनवर चढवलं, तेव्हा ते पन्नाशीचे होते, आणि मला ही रसायनशास्त्राच्या इतिहासातली सगळ्यात मोठी हानी वाटते.

पत्र्यावरचा जस्ताचा थर काय करते हेही इथेच सांगतो. जस्त लोखंडापेक्षा लवकर ऑक्सिजनच्या हाती लागते, म्हणून पत्र्याला चरा पडला तरी आसपासचं जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. जस्त संपलं की मग लोखंडाची पाळी. डांबराचा लेप मात्र अभिक्रिया वगैरे करत नाही, तो फक्त पाणी आणि हवा दूर ठेवतो.

(दृश्य: कोराडी. चिमण्या, कोळशाचा पट्टा.)

आता कूलरची वायर जिकडे जाते तिकडे. तुमच्या खिडकीतली वीज नेमकी कुठल्या पॉवर स्टेशनची हे सांगता येत नाही, सगळी एकाच ग्रिडमध्ये, म्हणजे तारांच्या एकाच जाळ्यात मिसळते, पण शहराच्या उत्तरेला कोराडीचं कोळशावर चालणारं पॉवर स्टेशन आहे, 660 मेगावॅटचे तीन संच आणि जुनं युनिट, आणि तिथे मुख्यतः काय होते तर कार्बन अधिक ऑक्सिजन. 12 ग्रॅम कार्बन, 32 ग्रॅम ऑक्सिजन, 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. एक किलो कार्बन जाळला की साडेतीन किलोच्या वर वायू चिमणीतून जातो, ऐकणारा दचकतो की एकातून साडेतीन कसे, पण बाकीचे अडीच किलो हवेतूनच घेतलेले असतात. लाव्हाझिएंचाच हिशोब. उष्णता निघते सुमारे 32800 किलोज्यूल. स्टेशनमधले तोटे धरून कोळशाच्या विजेचं एक युनिट घरच्या मीटरवर पडलं की कुठेतरी साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो.

ही उष्णता येते कुठून यावर एक चुकीचं वाक्य सगळीकडे फिरते, बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते. उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते, नवे बंध जुळताना ती बाहेर पडते. कोळशातले कार्बनचे बंध आणि ऑक्सिजनच्या रेणूतला बंध तोडायला जे लागलं त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड जुळताना बरंच जास्त मिळालं, तो फरक म्हणजे उष्णता. आणि पहिली तोडफोड व्हायला सुरुवातीला रेटा लागतो, म्हणून कोळशाचा ढीग पडलेला असतो तो लगेच पेट घेत नाही. हळू ऑक्सिडेशन मात्र ढिगातही चालू असते, उष्णता आत साठत गेली तर तो आपोआप धुमसायला लागतो, खाणीवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, म्हणून ढीग दाबून ठेवतात आणि तापमानावर लक्ष ठेवतात.

राहिली राख. लोक म्हणतात जळून राख झाली. पण राख म्हणजे कोळशातला तो भाग जो जळलाच नाही. आपल्या कोळशात तो वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते, मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना, म्हणजे सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम ज्यांनी आपला ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला आहे. ज्याने आधीच घेतला तो परत काय जळणार. तिला पाणी आणि चुना दिला मात्र ती वेगळ्या अभिक्रियेला तयार असते, बारीक राखेतली सिलिका चुन्याशी हळूहळू जुळते आणि सिमेंटमध्ये जसे कॅल्शियम सिलिकेटचे कण धरतात तसे धरतात. राखेच्या विटा अशाच होतात, आणि त्यांना भट्टीत भाजावं लागत नाही, नुसतं पाणी मारत ठेवावं लागते.