संत्र्याचं झाड आणि लढाईची मर्यादा

नमस्कार श्रोतेहो.

संत्र्याचं झाड म्हणजे काय, हे आपल्या नागपूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. काटोल-नरखेडच्या कोणत्याही कास्तकाराला विचारा. कलम लावल्यावर वर्षानुवर्षं पोटच्या पोरासारखं जपावं लागतं, तेव्हा कुठे बहार हाती येतो. तोडायला मात्र घटकाभर पुरे.

इस्लाममधल्या युद्धाविषयी बोलताना झाडापासून सुरुवात केली, त्याला कारण आहे. पैगंबर मुहम्मद 632 साली गेले. त्यांच्यामागून पहिले खलिफा झालेले हजरत अबू बक्र यांनी शामकडे, म्हणजे सीरियाकडे, फौज धाडली. सेनापतीला निरोप देताना त्यांनी दहा गोष्टी बजावल्या. बायका, लेकरं, म्हातारी माणसं यांना मारू नका. वस्ती उजाड करू नका. खाण्यापुरतं सोडलं तर शेळी-उंट कापू नका. आणि फळ देणारं झाड तोडू नका. वाळवंटातल्या माणसाला खजुराचं मोल ठाऊक होतं. युद्ध संपतं, पण लोकांना त्याच मातीत जगायचं असतं.

त्यांनी आणखी एक सांगितलं: मठांत देवासाठी आयुष्य वाहिलेली माणसं भेटतील, त्यांना त्यांच्या वाटेनं राहू द्या. ती माणसं ख्रिस्ती होती! नागपूरला ही भावना परकी नाही. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना रघुजीराजे भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवून घेतलं होतं. फकिराचा धर्म त्यांच्या आड आला नाही.

या आज्ञांची मुळं कुराणात आहेत. दुसऱ्या अध्यायातली 190वी आयत म्हणते, जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका. त्याच अध्यायात 256वी आयत आहे: धर्मात जबरदस्ती नाही.

मला सगळ्यांत जास्त भिडतो तो 628 सालचा हुदैबियाचा तह. पैगंबर मक्केच्या यात्रेला निघाले होते, मक्केत सत्ता असलेल्या कुरैश टोळीनं वाट अडवली. तहात ‘अल्लाहचे रसूल’, म्हणजे प्रेषित, असं लिहिलं गेलं, त्याला समोरच्यांनी हरकत घेतली. पैगंबरांनी ते शब्द पुसून टाकले, नुसतं ‘अब्दुल्लांचा मुलगा मुहम्मद’ लिहून घेतलं आणि यात्रा न करताच परतले. सोबत्यांना ते फार जड गेलं. दहा वर्षं लढाई नको, एवढ्यासाठी त्यांनी स्वतःची पदवी कागदावरून जाऊ दिली.

पुढे कित्येक राजे-बादशहांनी ही शिकवण पायदळी तुडवली. ते झाकायचं कारण नाही. त्यांना मापायचा गज मात्र हाच.

नवव्या अध्यायातली पाचवी आयत आज फार ऐकवली जाते: मुश्रिक, म्हणजे अल्लाहसोबत इतर देव मानणारे, सापडतील तिथे त्यांना मारा. ऐकवणारा बहुधा तेवढ्यावरच थांबतो, मग तो मुसलमान असो की मुसलमानांचा द्वेष करणारा. तिच्या आधीची चौथी आयत करार पाळणाऱ्यांना यातून वगळते. आणि लगेच पुढची सहावी म्हणते, त्यांच्यापैकी कुणी आसरा मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं वचन ऐकू द्या, आणि मग तो निर्भय असेल अशा जागी त्याला पोहोचवून द्या.